जोडाचा लाल दोरा

माझ्या पीएचडीचा विषय मॉड्युलॅरिटी. गणितातली सिद्धता असो की एखादं यंत्र, ते सुट्या भागांतून असं जोडायचं की एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता यावा. रत्नागिरीच्या कॉलेजात हे मी तावातावाने शिकवायचे. आणि माझ्याच प्रबंधात एक पायरी चुकली, तर पुढचं सगळं कोसळलं.

चरफडत पूर्णगडला घरी गेले. बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. फाटलेला तुकडा त्यांनी सोडवून बाजूला टाकला आणि नवा जोडला. जोडाला ते कायम लाल दोरा घेतात; हिरव्या जाळ्यात तो सोडवताना लगेच सापडतो.

माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "मग तेवढाच तुकडा काढ."

"निघत नाही, बाबा. सगळं एकमेकांत गुंतलंय."

"मग असं विणलंस कशाला गो?"

असा राग आला! कारण त्यांचं बरोबर होतं.

प्रबंध नव्याने मांडला. एक भाग दुसऱ्यावर जिथे टेकतो, ती प्रत्येक ओळ लाल शाईत छापली आणि प्रबंध बाबांच्या हातात दिला. बाबांना त्यातलं अक्षर कळत नाही. ते नुसती पानं उलटत राहिले. मग एका लाल ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथून सुटतं ना?"