एकाच गंजातलं फोंड्यू

भंडाऱ्याच्या स्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा मला पोचवायला आई-बाबा आले होते. काका आला नव्हता. मी खिडकीतून सारखी फाटकाकडं पाहत होते. बस हलली तसे बाबा खिडकीजवळ आले आणि एवढंच म्हणाले, "जेथं जाशीन तेथचं खाय, पिंके. पन कोनाचं उष्टं खाऊ नको."

काका का आला नाही हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी आसगावला, आमच्या अंगणात, तो बाबांना म्हणाला होता, "पोरीले येवढ्या दूर कायले पाठवून राहिला, दादा?" आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, "तुले पोर नाई, तुले काय समजते!" काका-काकीला मूल नाही. मला खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून फिरवलं ते त्यानंच. तो उठून आत गेला.

मी स्वित्झर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नर्स म्हणून लागले. पहिला हिवाळा संपायच्या आत घरी दोन चुली झाल्या आणि अंगणात कंबरेएवढी भिंत आली. आई आणि काकी भिंतीवरून बोलायच्या. दोघे भाऊ मात्र आठ वर्षं बोलले नाहीत. आई फोनवर म्हणायची, "तू मनाले नको लावून घेऊ." असं म्हटलं की जास्तच लागतं! ती भिंत माझ्यामुळं उभी राहिली होती आणि मी तिकडं बर्फात बसून तिचाच विचार करायची.

त्याच हिवाळ्यात सोबतच्या नर्सनं घरी जेवायला बोलावलं. जेवण म्हणजे फोंड्यू: टेबलाच्या मधोमध वितळलेल्या चीजचं भांडं, खाली मंद आच, प्रत्येकाच्या हातात लांब काटा. पावाचा तुकडा टोचायचा, भांड्यात बुडवायचा, खायचा, आणि तोच काटा परत भांड्यात. ज्याचा तुकडा आत पडेल त्यानं गाणं म्हणायचं. माझा काटा हवेतच राहिला. उष्टं! बाबा कानात बोलत होते. पण एका भांड्याभोवती बसलेली ती माणसं पाहून मला घरचं असं काही आठवलं की रडूच आलं. त्यांना वाटलं, मला वास सहन झाला नाही.

तुम्ही बाहेर गेलेले लोक हा रोग ओळखत असाल. घरी जायचं, तिकडचं काहीतरी करून खाऊ घालायचं, आणि घरचे काय म्हणतील या भीतीनं अर्धमेलं व्हायचं. यंदा दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, घरी गेले, तेव्हा मीही जाहीर करून बसले: सगळ्यांसाठी फोंड्यू करते. मग झोपच उडाली.

तिकडच्या असली चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातला अर्क असतो. ते आणायची माझी काय बिशाद! नागपुरात शोधून हिरव्या ठिपक्याचं आणलं. त्यात पांढरी वाईन लागते. बाबा माळकरी. वाईन आमच्या उंबरठ्याच्या आत? राम राम! मी सरळ पाणी घेतलं. पवनीच्या बेकरीतला पाव एक दिवस शिळा केला. आणि माळ्यावरून कढीचा पितळी गंज, ते मोठं पातेलं, काढला. चूल एक होती तेव्हा साऱ्या घराची कढी त्यात व्हायची. भंडाऱ्याला नेऊन त्याला कल्हई करून आणली. शेवटी भिंतीपाशी जाऊन काकाला म्हटलं, "उद्या दुपारून ये ना." तो म्हणाला, "पाहू."

दुसऱ्या दिवशी अंगणात शेगडी पेटवली. बाबा, आई आणि तुमसरची आत्या सतरंजीवर बसले. काका पलीकडं आपल्या ओसरीत पेपर धरून बसला होता. माझं अर्धं लक्ष गंजात, अर्धं भिंतीकडं. चीज वितळलं, वितळलं, आणि पाहता पाहता फाटलं. खाली चिवट गोळा, वर तुपकट पाणी. ढवळत गेले तसं आणखी बिघडत गेलं. आत्या म्हणाली, "माय वो, हे असंच रायते का?"

काकी भिंतीवरून पाहतच होती. "चेहरा काहून पाडला, पिंके?" म्हणत वळसा घालून आली. थेंबभर तळहातावर घेऊन चाखलं. "आंबट काईच नाई यात. पीठबी नाई. बिनपिठाची कढी फाटते, तसं फाटनच ना बाई!" मग तिनं तिथूनच हाक मारली, "अवो! तांदळाच्या पिठाचा डबा आना जरा! आन् दोन लिंबं तोडा!"

काकाला यावंच लागलं. पीठ लिंबाच्या रसात कालवून काकीनं गंजात सोडलं आणि रवीनं घुसळलं. गोळा सुटला, फोंड्यू सायीवानी एकजीव झालं. काका डबा छातीशी धरून तसाच उभा. आईनं सतरंजीवर जागा केली, "बसा भाऊजी." तो बसला, पण बाबांकडं पाहिलं नाही. बाबांनीही नाही.

मी सगळ्यांना काटे दिले. ओठ काट्याला लावायचे नाहीत, हे दहादा सांगितलं. पण काकाला भाकरीची सवय. त्यानं तुकडा दातानं अर्धा तोडला आणि उरलेला अर्धा पुन्हा गंजात बुडवला. तो काट्यावरून सुटून आत बुडाला.

सगळ्यांचे हात थांबले. काकाचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता बाबा उठतील, आणि आता जे तुटेल ते कायमचं.

बाबांनी काटा गंजात घातला. बराच वेळ शोधत राहिले. तो अर्धा तुकडा वर काढला, तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला.

"तवा तुले समजत होतं रे," ते म्हणाले. "मलेच नाई समजलं."

काकानं नाक पुसलं. "दादा, खारट केलं पोरीनं," एवढंच म्हणाला, आणि पुढचा तुकडा टोचला.

खोटं कशाला सांगू, भिंत अजून आहे आणि चुलीही दोनच आहेत. आठ वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. पण या वेळी भंडाऱ्याच्या स्टँडवर माझी बॅग काकाच्या डोक्यावर होती, आणि बॅगेत काकीनं दिलेला पिठाचा डबा होता.

इकडं स्वित्झर्लंडमध्ये आता मी फोंड्यूत वाईन घालते, तरी चमचाभर ते पीठही लावते. डब्यातलं पीठ तळाला गेलं की माझा जीव खालीवर होतो. मग फोन करते. बाबा काकाला हाक मारतात, काका भिंतीपाशी येऊन फोन घेतो आणि प्रत्येक वेळी एकच सांगतो.

"पाठवत नाई. घ्याले ये."