समन्स न गेलेला दावा

दावा दाखल करायच्या आधी वकीलबाईंनी मला फोन केला, माझ्या वडिलांना, अप्पांना नाही. कोर्टाचे कागद इंग्रजीत, ते अप्पांना मराठीत समजावायचं काम माझं. “श्राद्धाचा तो दिवस लिहायलाच हवा का, विचारून बघ. मुदत गेलेली त्यातच दिसते. समोरच्यांनी हरकत घेतली नाही तरी कोर्ट स्वतःहून दावा फेटाळू शकतं.”

पापनाशमजवळच्या गावी, आजोबांच्या वर्षश्राद्धाला पानावर बसले असताना मोठे काका, म्हणजे अप्पांचे अण्णा, त्यांना म्हणाले होते, “शेतात तुझा वाटा नाही, लक्षात ठेव.” श्राद्धाच्या पानावरून आमच्यात कुणी मध्येच उठत नाही, वाद तर नाहीच. अप्पांनी मान खाली घालून रसमभात संपवला. त्याला चौदा वर्षं झाली. वाटा नाकारल्याचं कळल्यापासून दाव्याला मुदत बारा वर्षांची.

मी विचारलं. अप्पा म्हणाले, “पितरांसमोर झालेलं बोलणं गाळू कसं? अण्णाला कोर्टात उभं राहू दे. का म्हणाला, ते तिथे तरी सांगेल.” शेतापेक्षा त्यांना ते उत्तर हवं होतं.

“मुदत संपलीय, अप्पा.”

“ते अण्णाचा वकील म्हणेल तेव्हा बघू.”

कोर्ट स्वतःहूनही बघतं, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. एकदा गप्प केल्यावर पुन्हा बोलणं मला जमत नाही.

न्यायाधीशांनी तोच परिच्छेद दोनदा वाचला. वकीलबाईंचं म्हणणं ऐकून घेतलं. पुढच्या तारखेला निकाल दिला: वादीच्या स्वतःच्या लिहिण्यावरूनच दावा मुदतबाह्य आहे, म्हणून नामंजूर.

बाहेर व्हरांड्यात अप्पांनी मला विचारलं, “म्हणजे अण्णाला समन्स गेलंच नाही?”

“नाही.”

“मी कोर्टात आलो होतो, हेही त्याला कळणार नाही?”

“नाही, अप्पा.”

तंजावूरच्या बसमध्ये ते कागदांची पिशवी मांडीवर धरून बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

महिन्याभराने काकांचा फोन आला. “श्राद्धाला वेळेवर ये. गेल्या खेपेला तुझ्याआधी कावळे जेवून गेले.”

“येतो, अण्णा,” अप्पा म्हणाले.

दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले. मी वाढत होते. काका मला म्हणाले, “त्याला रसम वाढ गं. तो काही मागायचा नाही.”

मी वाकले. अप्पांनी पानावर आडवा हात धरला.