त्यांच्या घागरीतलं पाणी

आमच्यात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसासाठी नवी घागर भरतात. आमचे हे खारुण नदीत पोहतच मोठे झाले, म्हणून मी दरसाल घाटावरूनच पाणी आणते. पण ऊन वाढत चाललं तशी नदीची धार बारीक होत गेली, अन् यंदा तर ती हलेचना बाई. पाणी कोमट, हिरवं, वास मारणारं.

नात म्हणाली, "दादी, ये पानी दादाजी पिएंगे?"

"काहून नाही? त्यायले नदीचंच लागते," मी म्हटलं खरं, पण हात धजेना. घागर रिकामीच घरी आणली, नळाखाली भरली, वर वाळा टाकला. नळालेही खारुणच येते म्हणा, गाळून-धुऊन.

दुपारी डोळा लागला, तर हे घागरीपाशी बसलेले, केस ओले, आत्ताच पोहून आल्यासारखे.