कॉटनचं कार्ड

"मॅडम, संस्कृत ठेवायचं की अरबी? उद्या पानं प्रेसला जातायत," संपादक फोनवर म्हणाले.

मी प्रूफं तपासते, म्हणजे छापण्याआधी पानांतल्या चुका शोधते. या वेळी प्रूफं माझ्या वडिलांच्या, शब्दांची मुळं सांगणाऱ्या कोशाची होती. अण्णा परभणीत प्राध्यापक होते. एका शब्दाला एक कार्ड, अशी त्यांची पद्धत. श्रावणात ते गेले. मी कार्डांच्या झेरॉक्स काढून प्रकाशकांना पाठवल्या.

अडलं 'कॉटन'वर. इंग्रजी कॉटन, फ्रेंच कोतों, इटालियन कोतोने, स्पॅनिश आल्गोदोन. खाली छापलं होतं : 'मूळ संस्कृत कर्तन, म्हणजे सूत कातणे.'

माझ्याजवळचे सगळे कोश अरबी 'कुत्न' सांगत होते. अण्णांना हे ठाऊक नसेल? की त्यांना वेगळं काही सापडलं होतं? बदलावं, तर त्यांचं लिहिलेलं मी खोडणार. ठेवावं, तर चूक त्यांच्या नावावर. दोन दिवस पेन नुसतं हातात होतं.

ताडकळसहून काका आले होते. त्यांना सांगितलं.

"दादानं लिव्हलंय ना? मग ऱ्हाऊ दे की. कापसाचं नाव आपल्याकडून गेलं म्हनलं तर काय बिघडतंय?"

"आणि चुकीचं असलं तर?"

"दादाचं चुकंल व्हय? काय बोलायलीस माय!" मग म्हणाले, "कार्ड दाव."

मी झेरॉक्स दिली.

"ह्ये न्हाई. डब्यातलं."

पत्र्याचा तो डबा श्रावणापासून मी उघडला नव्हता. काकांनीच झाकण काढलं. कार्ड खिडकीशी नेऊन तिरपं धरलं.

"ही खालची वळ तर शिसपेन्सिलीची हाय. पक्कं झाल्याबिगर दादा शाईला हात लावत न्हवता. शेताच्या वाटणीचा नकाशाबी वरीसभर शिसपेन्सिलीतच ठिवला व्हता त्यानं. लय भांडलो आमी."

चारही शब्द शाईत होते. 'कर्तन'ची ओळ पेन्सिलीत, फिकट. अण्णांची ही सवय मला ठाऊक होती. झेरॉक्समध्ये मात्र दोन्ही सारखंच काळं उमटलं होतं.

मी संपादकांना फोन लावला. "अरबी 'कुत्न' घ्या. त्यामागचं मूळ माहीत नाही, असं छापा."

"माहीत नाही? कोशात असं कोण लिहितं?"

"पक्कं नसलेलं अण्णा शाईनं लिहीत नसत. आणि उद्याची पानं थांबवा. सगळीच कार्डं पुन्हा पाहावी लागतील."

त्यांनी पानं थांबवली.

कोश लांबला. आता रोज दुपारी डबा उघडते आणि एकेक कार्ड खिडकीशी नेते. मूळ प्रत शेजारी असल्याशिवाय प्रूफाला हात लावू नये, हे प्रूफं शिकायला येणाऱ्या नवीन माणसांना मी पहिल्याच दिवशी सांगते. या वेळी मीच झेरॉक्सवर भागवलं होतं.