सरासरी जेवण

२००४ च्या हिवाळ्यात मी रोजच्या जेवणाचे फोटो काढायला लागलो. आता सगळं जग तेच करतं, त्यामुळे मी काळाच्या पुढे होतो असं म्हणायला हरकत नाही. फक्त मला त्या फोटोंची सरासरी काढायची होती.

तेव्हा मी अमेरिकेत ईडन प्रेरी नावाच्या गावात एकटा राहत होतो आणि दिवसभर एका विमा कंपनीत लोकांचे अपघात रकान्यांत बसवत होतो. घरी यावं तर बाहेर काळोख आणि बर्फ, आणि घरात आवाज करणारा फक्त कुकर. अशा वेळी शहाणा माणूस गिटार शिकतो, जिमला जातो. मी टेबलावरच्या दिव्याला डिजिटल कॅमेरा चिकटपट्टीने बांधला.

ताट वाढायचं, बटण दाबायचं, मग जेवायचं. माझा प्रोग्रॅम त्या फोटोतले सगळे रंग ढवळून एकच रंग काढायचा आणि वेबपेजवर त्या दिवसाचा एक चौकोन लावायचा. शिवाय आजवरची सगळी ताटं एकमेकांवर ठेवून त्यांचं एक मोठं धूसर चित्र बनवायचा. पेजचं नाव 'सरासरी जेवण'. चौकोन बहुतेक पिवळे. वरणभात, खिचडी, परत वरणभात. पुण्यातल्या एका मित्राला लिंक पाठवली, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : 'यार, तुला कावीळ झालीय का?'

सुरुवातीला काही फोटो बिघडले. एकात फ्लॅश उडाला, एकदा चिकटपट्टी सुटून कॅमेरा वरणात पडला, एकात ताटाऐवजी माझंच विरळ होत चाललेलं डोकं आलं. असे फोटो एकेक करून हाताने काढायचे म्हणजे प्रोग्रॅमरला कमीपणा. मी सहा ओळी लिहिल्या. ज्या फोटोचा रंग सरासरीपासून फार लांब, तो चुकीचा समजून सोडून द्यायचा आणि पुढचा चौकोन त्याच्या जागी सरकवायचा. लिहिल्या, स्वतःची पाठ थोपटली आणि विसरलो.

रविवारी मात्र माझं जेवण काकूंकडे असायचं. काका-काकू नागपूरचे, अमेरिकेत येऊन तीस वर्षं झालेली, मुलं शिकून लांबच्या राज्यांत गेलेली. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "रविवारी काय करतोस?" मी खरं ते सांगितलं. कपडे धुतो म्हटलं. त्यानंतर दर शनिवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, "उद्या भरीत करू की भरली वांगी?"

कॅमेरा मी तिथेही न्यायचो. घरच्याइतकीच उंची राहावी म्हणून त्याला एक दोरी बांधली होती. मी खुर्चीवर उभा, आणि काका दोरीचं टोक माझ्या ताटाच्या कडेला धरून बसलेले.

"जरा डावीकडे घे. तुझ्या काकूच्या वांग्याला न्याय मिळाला पाहिजे."

"पोळी गार होतेय," काकू म्हणायच्या. "तुझं विज्ञान आटप."

मार्चमधल्या एका रविवारी मी दारात बूट काढत होतो, तर काका हवामानावर जरा जास्तच मनापासून बोलायला लागले. आतून काकू म्हणाल्या, "तुझं पेज बघितलं मी." काकू गावच्या लायब्ररीत काम करायच्या, तिथे त्यांनी ते उघडलं होतं.

"कसं वाटलं?" मी विचारलं. कौतुक ऐकण्यापुरता चेहरा तयार होता.

"चौकोनावर माउस नेला की तारीख येते ना? शनिवार येतो, मग एकदम सोमवार. परत शनिवार, सोमवार. मी शेवटपर्यंत बघत गेले. आमच्याकडचं एकही जेवण नाही."

मला तिथल्या तिथे उमगलं. लाल फुलांचं मेणकापड, स्टीलचं ताट, वांगी, कोशिंबीर, चटणी, मधेच आलेला वाढणारा हात. माझ्या सहा ओळींना हे जेवण वाटणं शक्यच नव्हतं.

इथे माणसाने 'चुकलं, काकू' म्हणून मोकळं व्हावं. मी समजावून सांगायला लागलो.

"काकू, ते आउटलायर आहेत. म्हणजे नेहमीपेक्षा फार वेगळं काही आलं, की प्रोग्रॅम ते चूक समजून फेकून देतो."

"फेकून देतो," काकू म्हणाल्या.

"फेकून असं नाही. धरत नाही."

काकांनी डोळे मिटून घेतले. "तू आता जेव," ते म्हणाले.

त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहिला. निघताना काकूंनी नेहमीसारखा डबा दिला, पण आत काय आहे ते सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. रविवारी मी खिचडी केली, फोटो काढला, प्रोग्रॅमने तो लगेच स्वीकारला. त्याच्या पुढच्या शनिवारीही फोन नाही. त्या गावात माझ्याशी समोर बसून मराठीत बोलणारी दोनच माणसं होती, आणि मी त्यांना बिघडलेल्या फोटोंच्या ढिगात टाकलं होतं, माझ्या डोक्याशेजारी.

मी सहा ओळी पुसल्या. सगळे रविवार परत आले. पिवळ्या रांगेत मधून मधून तपकिरी, लालसर चौकोन दिसू लागले. मोठ्या आशेने ते धूसर चित्र उघडलं, तर ते जवळजवळ होतं तसंच. तेच पांढरं ताट, तोच पिवळा ढीग.

शेवटी फोन मीच केला. "काकू, पेज दुरुस्त केलंय."

"बघितलं काल." म्हणजे त्या अजून बघत होत्या. "रविवार आलेत. पण ते मोठं चित्र आहे ना, त्यात आम्ही कुठे दिसत नाही."

"तुम्ही आठवड्यातला एकच दिवस आहात, काकू. बाकीचे सहा दिवस मीच आहे."

"मग डाव्या कोपऱ्यात हिरवट दिसतंय ते?"

"तुमची चटणी."

"आणि नीट दिसायला काय करावं लागेल?"

मी मनातल्या मनात आकडे मांडले. बोलावणं काढायचा माझा डाव नव्हता, मला खरोखरच गणित विचारलंय असं वाटलं. "आठवड्यातून दोनदा झालं, तर वर्षभरात थोडंफार दिसेल."

"मग बुधवारीही ये," काकू म्हणाल्या. "सहाला. आणि ती दोरी आण, काका विचारत होते."

वर्षभर काही मी तिथे राहिलो नाही. ऑगस्टमध्ये काम संपलं आणि मी दूरच्या अल्फारेटा शहरात गेलो. तिथे बुधवारही माझा आणि रविवारही माझाच. पेज केव्हाच बंद झालं, चित्र मात्र मी जपून ठेवलंय. मधे एकदा ते मोठं करून जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं. डाव्या कोपऱ्यातला तो हिरवट डाग काकूंकडच्या पहिल्या फोटोच्या आधीपासूनच होता. माझ्या टेबलावर कायम पडलेला भांडी घासायचा स्पंज.

काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही.