श्वासाची रेषा

आरसेवाल्यांची बायको परदेशी गेली ती दोन वर्षांसाठी. समुद्रापलीकडच्या एका वृद्धाश्रमात तिला नर्सची नोकरी मिळाली होती. दोनाची चार झाली, चाराची सहा. तिथल्या म्हाताऱ्यांना तिची सवय झाली, तिलाही त्यांची झाली, आणि परतीचं दर वर्षी पुढे ढकललं जाऊ लागलं. ती म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." आरसेवाले म्हणायचे, "तुझ्या सोयीने ठरव."

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आरसेवाले आणि त्यांचे सासरे, म्हणजे तिचे वडील. बायको परदेशी आणि सासरा जावयाकडे, असा उलटा संसार आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. सुरुवातीला लोक हसले, मग हसायचे थांबले. कारण अर्धांगाचा झटका आल्यावर त्या म्हाताऱ्याची कूस बदलण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं या जावयाने केलं, तेही कपाळाला आठी न घालता.

अडचण एकच होती. आमची गल्ली खोलगट, आणि समोर गोदामाची उंचच उंच भिंत. मोबाइलचा मनोरा त्या भिंतीच्या पलीकडे. सिग्नल आमच्या डोक्यावरून निघून जायचा, खाली उतरायचाच नाही. तारेचं इंटरनेट येणार येणार म्हणून सगळे वाट बघत बसले होते. बोलायचं तर गच्ची गाठायची. आरसेवाले गच्चीवर जाऊन बायकोशी बोलायचे, तिचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचे आणि खाली येऊन सासऱ्यांना ऐकवायचे. मग सासऱ्यांचं उत्तर भरून घेऊन पुन्हा वर.

सासरे कुणी विचारपूस करायला आलं की म्हणायचे, "मुलगी परदेशी कुठे? ती गच्चीवर राहते. मलाच मेलं जिना चढता येत नाही."

लोक हसायचे. म्हातारा मात्र हसून झालं की छताकडे बघत राहायचा.

आरसेवाल्यांचा मूळ धंदा नावातच होता. सलून, शिंप्याची दुकानं, हॉटेलं, सगळीकडे आरसे मापून, कापून बसवायचे. पुढे तयार मापाचे आरसे बाजारात आले आणि हातातलं काम गेलं. ओळखीच्या एका सुताराने सांगितलं, की एका प्रयोगशाळेला भिंतीवर कसल्या तरी पाट्या बसवायला माणूस हवाय. आरसेवाले गेले आणि तिथलेच झाले.

त्या पाट्या दिसायला दाराएवढ्या, वर लहान लहान चौकोन, फरशी घातल्यासारखे. पहिल्याच दिवशी आरसेवाल्यांनी पाटी आरशासारखी बसवली. डावी बाजू पुढे ओढून, खाली पाचर मारून, तिरकी.

तिथल्या इंजिनिअर मॅडम तरुण होत्या. त्यांनी बघितलं आणि खुदकन हसल्या. "काका, हिला तिरकी नाही करायची. सपाट बसवा."

"मग उजेड वळायचा कसा?"

"तो आतून वळतो. प्रत्येक चौकोनात एक बारीक स्विच आहे. आलेली सिग्नलची लहर कोण जरा आधी परतवतो, कोण जरा उशिरा. सगळ्यांचा मेळ जमला की लहर आपल्याला हवी तिकडे जाते. पाटी जागची हलत नाही. ती स्वतः काही पाठवतही नाही, फक्त वळवते."

"म्हणजे आरसाच," आरसेवाले म्हणाले, "पण सांगू तिकडे बघणारा."

"अगदी तसंच. जिथे सिग्नलची सावली पडते, तिथे लावायचा."

सावली हा शब्द आरसेवाल्यांच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिला. संध्याकाळी हत्यारं आवरताना त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या गल्लीत येऊन बघाल का एकदा?"

मॅडम मोजायचं यंत्र घेऊन आल्या. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या आणि लहान मुलासारख्या खूश झाल्या. "अहो काका, इतकी गडद सावली आम्हाला शोधून सापडली नसती!"

खाटेवरून सासरे ओरडले, "आमच्या गल्लीचं कौतुक करणाऱ्या तुम्हीच पहिल्या हो, बाई!"

पाटी गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर बसली. तिथून मनोराही दिसत होता आणि सासऱ्यांची खिडकीही. आरसेवाल्यांनी ती स्वतःच्या हाताने बसवली, सपाट. मॅडमनी संगणकावर काहीतरी केलं आणि फोन सासऱ्यांच्या हातात दिला.

पलीकडून आवाज आला, "हॅलो? अहो, आज वारा ऐकू येत नाही. कुठे आहात?"

म्हाताऱ्याने फोन कानाशी घट्ट धरला. म्हणाले, "अगं, मी आहे. खालून बोलतोय."

मॅडम उगाचच बाहेर जाऊन पाटी बघत उभ्या राहिल्या. आरसेवाले स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागले.

त्यानंतर बापलेकीच्या गप्पांना ऊत आला. आरसेवाल्यांच्या वाट्याला शेवटची दोन मिनिटं यायची. "औषध दिलंत ना?" "दिलं." "तुम्ही जेवलात ना?" "जेवलो." एवढंच. गच्चीवर निदान ती त्यांची एकट्यांची असायची. हे ते कुणाला बोलले नाहीत, मनातल्या मनात मात्र स्वतःवरच चिडले, की काय माणूस आहोत आपण, म्हाताऱ्याचा हेवा करतो!

काही महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या. म्हणाल्या, "या लहरी खोलीत येऊन परततात ना, तेव्हा माणसाची छाती वरखाली झालेलीही त्यांना कळते. कॅमेरा नाही, अंगाला काही चिकटवायचं नाही. आजारी माणसासाठी करून बघायचंय. पण तुमची परवानगी असेल तरच."

सासरे म्हणाले, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. आता माझे श्वासही मोजणार का?"

"नको असेल तर राहू द्या, आजोबा."

"माझ्या लेकीला दिसेल का ते?"

"दिसेल. तिच्या फोनवर रेषा दिसेल, वरखाली होणारी."

"मग मोजा," म्हातारा म्हणाला. "इथे माझ्याकडे बघायला आहे तरी काय दुसरं?"

तेव्हापासून ती परक्या म्हाताऱ्यांची उशीपांघरुणं नीट करता करता खिशातून फोन काढायची आणि बापाचा श्वास बघायची. तिने आरसेवाल्यांना सांगितलं, "चांगली हळू हळू रेषा दिसली ना, की मला कामाचं काही वाटत नाही."

एका सुट्टीच्या दुपारी आरसेवाले सासऱ्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती फोनने.

"अहो, खोलीत कोण आहे? दोन रेषा दिसतायत."

"मीच गं. जरा पडलो होतो."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही पहिल्यासारखेच झोपता. एक मोठा श्वास घेता आणि मग जरा थांबता. तो थांबला की मी जागी व्हायचे, आठवतं?"

सहा वर्षांत जे धरून ठेवलं होतं ते आरसेवाल्यांच्या तोंडातून निघालंच. "ये ना आता. कंटाळा आला गं मला. निघून ये."

"येते," ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता. खाटेवर जागाच असलेल्या म्हाताऱ्याने, दोघांना बोलू द्यावं म्हणून, भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिने रजा मागितली. बदली माणूस मिळेपर्यंत थांबा, असं तिला सांगण्यात आलं. आरसेवाल्यांनी खोलीला रंग दिला. सासऱ्यांनी स्वतःसाठी नवा सदरा मागितला, तोही निळाच हवा म्हणून हट्ट धरला.

ती यायच्या आधीच ते झालं. आरसेवाले त्या दिवशी मॅडमबरोबर एका इमारतीच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागेत पाटी बसवत होते. तिथे अजिबात सिग्नल नव्हता, म्हणून तर पाटी. घरी लक्ष ठेवायला शेजारीण होती, ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली होती. तळघरात पाटी सुरू झाली आणि आरसेवाल्यांच्या खिशातला फोन थरथरला.

"कधीची लावतेय तुम्हाला," ती म्हणाली. रडत नव्हती. "बाबांची रेषा सपाट झाली. शेजारच्या काकूंना फोन केला. त्या बसल्यात जवळ. तुम्ही सावकाश जा. घाईने जाऊन काही होणार नाही आता."

इतक्या दूरच्या लेकीला सगळ्यांत आधी कळलं होतं. तळघरात आरसेवाले पाटीला हात टेकून उभे राहिले. मॅडमनी त्यांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला आणि गाडीने घरी सोडलं.

ती आली, पण वडील गेल्यावर. महिनाभर राहिली. पहिले काही दिवस दोघं पाहुण्यांसारखे वागत होते. तुम्ही आधी, नाही तू आधी. तिला आमच्या गल्लीत चालताना उजवी-डावी चुकायची, आणि कपबशा कुठे ठेवल्यात हे नवऱ्याला विचारावं लागायचं. हळूहळू जमलं. एका दुपारी आम्ही त्यांना भांडताना ऐकलं, अगदी कडाकड, आणि आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं.

तरी ती परत गेली. करार अजून उरला होता, आणि तिथे एक आजी तिच्याशिवाय जेवत नव्हती. "तो संपला की कायमची," ती म्हणाली. या वेळी आरसेवाल्यांनी 'तुझ्या सोयीने' म्हटलं नाही. बसमध्ये तिची बॅग चढवताना म्हणाले, "मी वाट बघतोय हं. नुसता म्हणत नाहीये, खरंच बघतोय."

श्वास मोजायचा प्रयोग संपला, ते बंद झालं. टाकीवरची पाटी राहिली, कारण आता सगळी गल्लीच तिच्यामुळे फोनवर बोलते. आरसेवाले गावभर फिरून पाट्या बसवतात. बोगद्यात, दवाखान्याच्या मागच्या खोल्यांत, जिन्यांच्या कोपऱ्यांत. पाटी बसली की चाचणीचा फोन कुणाला तरी लावावा लागतो. मॅडम आता विचारतही नाहीत कुणाला लावलाय ते.

"येतंय का ऐकू?"

"येतंय. आज कुठून बोलताय?"

मग ते सांगतात. कसली जागा आहे, भिंत कशी आहे, उजेड किती आहे. काम कधीच संपलेलं असतं, पण ती कोपरान् कोपरा विचारत राहते आणि ते सांगत राहतात.