शालनचा फोटो हा आहे

नाक्यावरच्या फ्लेक्सवर लावलेला फोटो शालनचा नाही.

परवा ती काविळीनं गेली. काल तिच्या भावानं फ्लेक्स लावला.
फोटो शाळेतला, पोराच्या शर्टातला. खाली जे नाव आहे, ते तिनं कधीच टाकून दिलेलं.

मी त्याला विचारलं. म्हणाला, "काकू, साडीतला लावला तर लोकं काय म्हणतील?"

"अर्ध्या कर्जतच्या बायका तिनं शिवलेले ब्लाउज घालतात. त्यांना विचार काय म्हणतात ते."

फ्लेक्स तसाच आहे.

म्हणून खालचा फोटो मी टाकतेय.

पळसदरीजवळ एका सिरीयलचं शूटिंग होतं. १९३० सालच्या बाजाराचा सेट. मी युनिटला नाश्ता द्यायचे, शालन कपडे अल्टर करायची.

एकदा असिस्टंट तिला म्हणाला, "तू हिजड्याचा रोल कर ना. टाळ्या वाजवायच्या, दुकानदाराच्या गळ्यात पडायचं. कॉमेडी आहे."

"त्यापेक्षा मी भाजी घेणारी बाई होते की. एक टोपली द्या."

"मग तू कोण, ते लोकांना कळणार कसं?"

"कळायला कशाला पायजे? तवा आमी भाजी खात नव्हतो काय रं?"

सगळे हसले. तो नाही हसला.

शालन मात्र लुगडं नेसून वांग्यांच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मी हा फोटो काढला.
मग तिला तिथून हटवलं. दुसऱ्या दिवसापासून कामावरूनही.

सिरीयल लागली तेव्हा ती माझ्याकडेच होती. लिपस्टिक फासलेला कुणी पुरुष टाळ्या पिटत होता आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसू येत होतं.

मी रिमोट उचलला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे."
शेवटपर्यंत बघितलं तिनं.
मग म्हणाली, "ताई, आमाला टाळीशिवाय कुणी बघितलंच नाय का गं?"

मी बरंच वाचते. पुस्तकांत शोधलं. तिथंही टाळीच होती, नाहीतर शाप.

माझे मिस्टर गेले तेव्हा बायका माझ्या बांगड्या फोडायला पुढे आल्या होत्या. शालन मध्ये उभी राहिली. "हात तिचा हाय. तीच ठरवंल."
त्या बांगड्या आजही माझ्या हातात आहेत.

विधवा कशी दिसावी, हे लोकांनी ठरवून ठेवलेलं. शालन कशी दिसावी, हेही.

तर बघा. हिरवं लुगडं, कमरेवर टोपली, वांगं दाबून बघतेय. बाजाराला आलेली बाई. आमची शालन.

ज्यांना हात जोडायचेत, त्यांनी या फोटोला जोडा.

शालन, तुला टाळीशिवाय मी बघितलंय गं. रोज बघितलंय.

नीट जा.